अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः तीन प्रकारच्या वाचकांकडून येतात: इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रिकलचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, कारखान्यात लूप (मोजायचं, फरक बघायचा, दुरुस्त करायचं, ही साखळी) सांभाळणारे इंजिनिअर, आणि स्वतः ड्रोन बांधणारी मुलं. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर. जे एका उत्तरात आलं ते दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साधा पीआयडीसुद्धा एरर बघून आउटपुट बदलतोच. मग अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलमध्ये वेगळं काय?

पीआयडी (कारखान्यातला नेहमीचा कंट्रोलर) एरर, म्हणजे हवं ते आणि मोजलेलं यांतला फरक, बघून आउटपुट बदलतो. पण ते किती आणि किती वेगाने बदलायचं हे ठरवणारे आकडे कमिशनिंगच्या (यंत्रणा पहिल्यांदा चालू करण्याच्या) दिवशी भरलेले असतात आणि तसेच राहतात. अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर हे आकडेसुद्धा चालू यंत्राच्या वागण्यावरून बदलत राहतो. घाटात एसटी चालवणारा माणूस गाडी रिकामी आहे की खच्चून भरलेली, हे पहिल्या एक-दोन ब्रेकमध्येच ओळखतो आणि पुढच्या वळणापासून पाय त्या हिशेबाने ठेवतो. तसंच हे.

म्हणजे इथे लूप दोन असतात. आतला नेहमीचा, वेगवान. बाहेरचा संथ, आतल्याचे आकडे बदलणारा. हे दोन एकत्र आले की प्लांट (ज्याला सांभाळायचं ते यंत्र किंवा प्रक्रिया) कितीही सरळ असला तरी पूर्ण यंत्रणा नॉनलिनिअर होते (दुप्पट इनपुटला दुप्पट आउटपुट मिळेलच असं नाही), आणि बोडे प्लॉट (फ्रिक्वेन्सीनुसार प्रतिसादाचा आलेख) काढून ‘स्टेबल आहे’ असं म्हणण्याची सोय राहत नाही. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

२. आमचा लूप सतत हलतो. अ‍ॅडॅप्टिव्ह लावला तर सुटेल का?

आधी लूप मॅन्युअलला टाका (कंट्रोलर बाजूला, आउटपुट हाताने) आणि बघा. हलणं थांबलं, तर दोष ट्यूनिंगचा किंवा व्हॉल्वचा. थांबलं नाही, तर हेलकावा बाहेरून कुठून तरी येतोय. व्हॉल्व अडकून झटक्याने सुटत असेल, तर जगातला कुठलाही अल्गोरिदम तो लूप शांत करणार नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह तर त्या झटक्यांनाच प्लांटचा स्वभाव समजून भलतेच आकडे शिकेल.

व्हॉल्व ठीक असेल तर दुसरी तपासणी: कमी, मध्यम आणि पूर्ण लोडवर मॅन्युअलमध्ये छोटा स्टेप (आउटपुटमध्ये एकदम छोटा बदल) द्या आणि तिन्ही वेळचा प्रोसेस गेन (तेवढ्या बदलाला प्लांट किती बदलतो ते प्रमाण) लिहून ठेवा. तिघांत दुपटीच्या आतला फरक असेल, तर सर्वांत जास्त गेनच्या ठिकाणी नीट ट्यून केलेला पीआयडी बहुतेक वेळा पुरतो. फरक पाच-दहा पट असेल तर पुढचं वाचा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त चुकते. डिस्टर्बन्स वेगळा आणि प्लांट बदलणं वेगळं. साखर कारखान्याचा बॉयलर घ्या. टर्बाइनने अचानक जास्त वाफ ओढली आणि प्रेशर पडलं, तर तो डिस्टर्बन्स. त्याला वाफेच्या फ्लोवरून फीडफॉरवर्ड (एरर दिसायची वाट न बघता आधीच केलेली दुरुस्ती) द्या, अ‍ॅडॅप्टिव्हचा इथे संबंध नाही. पण बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) नेहमीची ५० टक्क्यांच्या आसपासची ओल वाढली, तर फीडर तेवढ्याच वेगाने फिरूनही उष्णता कमी मिळते. म्हणजे गेनच बदलला. अ‍ॅडॅप्टेशनचं काम इथे सुरू होतं.

३. गेन शेड्युलिंगला अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणायचं का?

याबद्दल दोन्ही मतं आहेत. माझं मत: काय म्हणायचं ते म्हणा, पण जमत असेल तर आधी तेच करा. प्लांट का बदलतोय हे माहीत असेल आणि ते कारण मोजता येत असेल, तर शिकत बसण्याची गरजच नाही. कोष्टक करा आणि त्यातून कंट्रोलरचे गेन, म्हणजे प्रश्न १ मधले आकडे, उचला. यालाच गेन शेड्युलिंग म्हणतात.

जहाजाचं उदाहरण घ्या. रडरचा (सुकाणूचा) जोर वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग मोजलेला असतोच, म्हणून ऑटोपायलटचा गेन वेगानुसार बदलता येतो. ड्रोनमध्ये लिथियम-पॉलिमर सेल ४.२ व्होल्टवरून ३.५ व्होल्टवर आला की मोटरचा जोर ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने सुमारे ३० टक्के घटतो. व्होल्टेज मोजून थ्रॉटलची दुरुस्ती करण्याची सोय अर्डूपायलट या ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तीच वापरा. जहाजात मात्र माल किती भरलाय, पाण्याची खोली किती, लाटा कुठून येताहेत, हे कोष्टकात बसत नाही. म्हणूनच स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात अ‍ॅडॅप्टिव्ह ऑटोपायलटचे प्रयोग प्रत्यक्ष जहाजांवर झाले.

कोष्टकाची मर्यादा एकच: जे कारण तुम्ही मोजत नाही, त्याबद्दल ते आंधळं असतं.

४. कंट्रोलरवरचं ‘ऑटो-ट्यून’ बटण म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्हच ना?

नाही. ते एकदाच शिकतं आणि थांबतं. पण फार उपयोगी आहे, आणि त्याच्या पोटात काय चालतं हे समजून घेण्यासारखं आहे.

यातली गाजलेली पद्धत ऑस्ट्रोम आणि हेग्लुंड या स्वीडिश संशोधकांनी १९८४ साली मांडली. पीआयडी बाजूला ठेवून कंट्रोलर काही वेळ रिले होतो: पीव्ही (मोजलेली किंमत) सेटपॉइंटच्या (हव्या असलेल्या किमतीच्या) खाली गेला की आउटपुट वर, वर गेला की खाली. त्यामुळे लूप मुद्दाम, पण आटोक्यात हलतो. समजा आउटपुट ५ टक्के वर-खाली केलं आणि पीव्ही २ टक्के वर-खाली हलला. अल्टिमेट गेन (ज्याला लूप सतत हलत राहतो तो गेन) म्हणजे ४ गुणिले ५, भागिले पाय गुणिले २, म्हणजे सुमारे ३.१८. हेलकाव्याचा काळ ४० सेकंद निघाला, तर झिग्लर-निकल्सच्या १९४२च्या ट्यूनिंग नियमाने पीआयसाठी (डी नसलेल्या पीआयडीसाठी) गेन ०.४५ गुणिले ३.१८, म्हणजे १.४३, आणि इंटिग्रल टाइम ४० भागिले १.२, म्हणजे ३३ सेकंद. हे आकडे जरा तिखट असतात. मी गेन अर्ध्यावर आणून सुरुवात करायला सांगतो.

वेगवेगळ्या लोडवर हे बटण दाबून आलेले आकडे लिहून काढले, की प्रश्न ३ मधलं कोष्टक आपोआप तयार होतं. कारखान्यात याहून जास्त काही लागण्याची वेळ फार कमी येते.

५. एमआरएसी आणि सेल्फ-ट्यूनिंग यांत फरक काय? परीक्षेत नेहमी विचारतात.

एमआरएसी म्हणजे मॉडेल रेफरन्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोल. यंत्र कसं वागायला हवं याचं एक मॉडेल कॉम्प्युटरमध्ये चालतं. यंत्र आणि मॉडेल यांच्या आउटपुटमधला फरक बघून कंट्रोलरचे गेन थेट हलवले जातात. सेल्फ-ट्यूनरमध्ये आधी प्लांटच्या पॅरामीटरचा अंदाज बांधतात, बहुधा रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्सने (दर नव्या मोजमापाला अंदाज सुधारणाऱ्या पद्धतीने), आणि त्या अंदाजावरून कंट्रोलर दर सॅम्पलला नव्याने काढतात. पहिला मार्ग विमानांच्या ऑटोपायलटमधून आला, दुसरा प्रोसेस उद्योगातून. स्वीडनच्या ग्रूव्हनमधल्या कागद कारखान्यात १९६०च्या दशकात कॉम्प्युटर कंट्रोलवर काम झालं. त्या अनुभवातून पुढे १९७३ साली ऑस्ट्रोम आणि विटनमार्क यांचा सेल्फ-ट्यूनिंग रेग्युलेटरवरचा प्रसिद्ध लेख आला.

एमआरएसीची सुरुवात एमआयटी नियमाने झाली. व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो मांडला: एररचा वर्ग ज्या दिशेने कमी होतो, त्या दिशेने गेन सरकवायचा. ऐकायला अगदी रास्त वाटतं. पण सेटपॉइंट दुप्पट केला की अ‍ॅडॅप्टेशनचा प्रभावी वेग चौपट होतो, कारण एररही दुप्पट आणि तिला ज्याने गुणायचं तेही दुप्पट. त्यामुळे लहान सेटपॉइंटवर शांत चाललेला लूप मोठ्या सेटपॉइंटवर फाटतो. १९६६ साली पार्क्सने लियापुनोव्हच्या पद्धतीने (ऊर्जेसारखी एक राशी वाढत नाही हे दाखवून) नियम नव्याने काढून दाखवला. त्यात गेनच्या बदलाचा वेग म्हणजे एरर गुणिले सेटपॉइंट गुणिले एक स्थिरांक, उलट्या चिन्हाने, आणि गृहीतकं पाळली तर स्टेबिलिटी सिद्ध होते. सर्वसाधारण प्लांटसाठी अशा सिद्धता यायला १९८० उजाडलं. ती आणणाऱ्यांत मद्रासमध्ये जन्मलेले आणि येलमध्ये शिकवणारे कुंपती नरेंद्र होते, आणि त्याच सुमारास मोर्स, गुडविन, इगार्ड यांचेही निकाल आले.

६. आउटपुट मॉडेलला तंतोतंत फॉलो करतंय, पण शिकलेले पॅरामीटर साफ चुकीचे आहेत. कोडमध्ये बग आहे का?

बहुधा नाही. कंट्रोलर तेवढंच शिकतो जेवढं सिग्नल त्याला दाखवतो. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

फर्स्ट ऑर्डर प्लांट घ्या: आउटपुटच्या बदलाचा वेग म्हणजे ‘अ’ गुणिले आउटपुट अधिक ‘ब’ गुणिले इनपुट. लूप स्थिरावला, आउटपुट ५०, इनपुट २५, बदल शून्य. या मोजमापातून कळतं ते इतकंच, की ‘अ’ची ५० पट आणि ‘ब’ची २५ पट यांची बेरीज शून्य. अ उणे १ आणि ब २ असलं तरी बसतं. अ उणे १० आणि ब २० असलं तरी बसतं. पहिला प्लांट दुसऱ्याच्या दहापट संथ आहे, पण स्थिर सेटपॉइंटवर तासन्‌तास बसून दोघांतला फरक कळणं शक्यच नाही.

पॅरामीटर खरे हवे असतील तर सिग्नल पुरेसा ‘हलता’ हवा. यालाच पर्सिस्टंट एक्सायटेशन म्हणतात. ढोबळ हिशेब असा: स्थिर सिग्नलमधून एक पॅरामीटर निघतो, एका साइन वेव्हमधून दोन. चार पॅरामीटर हवेत तर किमान दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी लागतात. ऑपरेटरला अर्थातच सेटपॉइंट हललेला आवडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. ही ओढाताण या विषयात कायमची आहे. फक्त ट्रॅकिंग हवं असेल तर चुकीचे पॅरामीटर चालतात. शिकलेल्या आकड्यांवरून तुम्ही हीट एक्स्चेंजर किती घाण झालाय असले निष्कर्ष काढणार असाल, तर चालत नाहीत.

७. सेल्फ-ट्यूनर कित्येक तास छान चालतो, मग अचानक थरथरतो आणि पुन्हा शांत होतो. असं का?

हे बर्स्टिंग. कारण प्रश्न ६ मधलंच, पण इथे त्याला फर्गेटिंग फॅक्टरची साथ मिळते.

प्लांट बदलतो म्हणून आपण जुनी मोजमापं हळूहळू विसरायला सांगतो. फॅक्टर ०.९८ म्हणजे साधारण शेवटच्या ५० सॅम्पलची आठवण. पण लूप शांत असताना नवी माहिती येतच नाही आणि विसरणं मात्र चालू राहतं. ज्या दिशेने काहीच माहिती येत नाही, त्या दिशेतला कोव्हेरियन्स (अंदाज किती अनिश्चित आहे याचा आकडा) दर सॅम्पलला ०.९८ ने भागला जातो. असे ५०० सॅम्पल गेले की तो सुमारे २४ हजार पट झालेला असतो. दहा सेकंदांचा सॅम्पल असेल तर हे दीड तासाच्या आत होतं. मग थोडासा नॉइज आला तरी एस्टिमेटर त्यावर तुटून पडतो, पॅरामीटर भलतीकडे उडतात, लूप हलतो. त्या हलण्यातून माहिती मिळते आणि सगळं पुन्हा जागेवर येतं.

उपाय सोपा आहे: माहिती नसेल तेव्हा विसरू नका. सेटपॉइंट बदलला किंवा एरर नॉइजपेक्षा स्पष्ट मोठी झाली, तरच अपडेट करा. शिवाय कोव्हेरियन्सला वरची मर्यादा घाला.

८. सिम्युलेशनमध्ये स्टेबिलिटी सिद्ध केली, तरी खऱ्या मशीनवर लूप फुटला. सिद्धता खोटी का?

सिद्धता खरी, गृहीतक खोटं. प्लांटची ऑर्डर (त्याचं समीकरण किती पायऱ्यांचं आहे ते) माहीत आहे असं सिद्धता मानून चालते, आणि खऱ्या मशीनमध्ये व्हॉल्वची चाल, सेन्सरचा फिल्टर, शाफ्टची लवचीकता असं काही ना काही वेगवान उरलेलंच असतं.

१९८०च्या दशकात रोर्स आणि सहकाऱ्यांनी हे एका छोट्या उदाहरणाने दाखवलं, आणि या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. मुख्य प्लांट फर्स्ट ऑर्डर: डीसी गेन २, पोल (प्रतिसादाचा वेग ठरवणारा आकडा) उणे १ वर. त्याच्या मागे एक वेगवान, चांगला डॅम्प केलेला सेकंड ऑर्डर भाग, ज्याचे पोल उणे १५ च्या रेषेवर. कोणीही इंजिनिअर तो भाग दुर्लक्षित करेल असा. या जोडीचा फेज १६.१ रेडियन प्रति सेकंदाला बरोबर उणे १८० अंश होतो, म्हणजे आउटपुट इनपुटच्या उलट हलतं. सेटपॉइंटमध्ये त्या फ्रिक्वेन्सीचा साइन मिसळला की फर्स्ट ऑर्डर प्लांट धरून बनवलेला अ‍ॅडॅप्टिव्ह नियम उलट्या दिशेने शिकत जातो, आणि गेन वाढत वाढत लूप कोसळतो. घरच्या लॅपटॉपवर हे उदाहरण जरूर चालवून बघा, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे.

९. मग पॅरामीटर भरकटू नयेत म्हणून काय करतात?

तीन उपाय सर्रास वापरले जातात. डेड झोन: एरर नॉइजच्या पातळीखाली असेल तर शिकणं बंद. सिग्मा मॉडिफिकेशन: पॅरामीटरला सतत एका ठरलेल्या अंदाजाकडे हलकंसं ओढत राहायचं. इओआनू आणि कोकोटोविच यांनी हे १९८०च्या दशकात मांडलं. याची किंमत अशी, की एरर शून्य झाली तरी पॅरामीटर आपल्या जागेवरून सरकत राहतात. आणि प्रोजेक्शन: प्रत्येक पॅरामीटरला खालची-वरची सीमा, ती ओलांडायची नाही.

एकच निवडायला सांगितलं तर मी प्रोजेक्शन निवडेन. त्या सीमा ठरवायला तुम्हाला प्लांट समजून घ्यावाच लागतो. मोटरचा इनर्शिया रिकाम्या शाफ्टपेक्षा कमी असूच शकत नाही, पंप त्याच्या कर्व्हच्या वर पाणी देऊच शकत नाही. हे ज्ञान फुकट असतं, आणि विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ते क्वचितच वापरलेलं दिसतं.

१०. एक्स-१५ विमान अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलमुळे पडलं, हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जाणून घेण्यासारखं आहे.

१५ नोव्हेंबर १९६७. रॉकेटवर चालणारं अमेरिकेचं तिसरं एक्स-१५, वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स. विमानात हनीवेलची एमएच-९६ यंत्रणा होती. तिचं तत्त्व साधं: हवेची घनता मोजत बसायची नाही, गेन वाढवत न्यायचा. लूपमध्ये बारीक थरथर दिसली की मर्यादा आली असं समजून थोडं मागे यायचं. त्यामुळे गेन नेहमी शक्य तितका जास्त राहतो. जवळजवळ निर्वात उंचीपासून दाट हवेपर्यंत उडणाऱ्या विमानासाठी ही कल्पना विलक्षण होती, आणि त्याआधी तिच्यावर अनेक यशस्वी उड्डाणं झालीही होती.

त्या दिवशी चढताना विद्युत बिघाड झाला. विमान सुमारे २ लाख ६६ हजार फुटांवर पोहोचलं, पण त्याचं नाक मार्गापासून आडवं फिरत गेलं आणि ते वैमानिकाच्या ध्यानात आलं नाही. परत येताना विमान हायपरसॉनिक स्पिनमध्ये गेलं. अ‍ॅडम्सने त्यातून ते बाहेर काढलं. पण नेमकं त्यानंतर पिचमध्ये (नाकाच्या वर-खाली हलण्यात) लिमिट सायकल (आपोआप न थांबणारा हेलकावा) सुरू झालं, आणि यंत्रणेने गेन खाली आणायला हवा होता तो आणला नाही. विमान जोराने वरखाली हेलकावत दाट हवेत शिरलं आणि हवेतच तुटलं. अ‍ॅडम्सचा मृत्यू झाला.

कारणांची साखळी होती, एकट्या अल्गोरिदमवर खापर फोडणं अन्याय्य आहे. पण त्यातली अल्गोरिदमची कडी खरी आहे: थरथर बघून गेन कमी करणारी यंत्रणा, अ‍ॅक्च्युएटर (विमानाचे नियंत्रण-पृष्ठ हलवणारा भाग) आपल्या वेगाच्या मर्यादेला टेकलेला असताना त्या थरथरीतून बाहेर पडू शकली नाही. अ‍ॅक्च्युएटरची मर्यादा सिम्युलेशनमध्ये घातल्याशिवाय कोणताही अ‍ॅडॅप्टिव्ह लूप खऱ्या यंत्रावर नेऊ नका.

११. इनपुट वाढवल्यावर आउटपुट वाढतं की घटतं, हेच माहीत नसेल तर?

प्रश्न ५ मधले नियम हे चिन्ह माहीत आहे असं धरून चालतात. चिन्ह चुकलं की कंट्रोलर उलटंच शिकतो. १९८३ साली नुसबाउमने दाखवलं की तेही माहीत असणं अनिवार्य नाही: गेन मुद्दाम धन आणि ऋण अशा वाढत्या झोक्यांत फिरवला, तर तो योग्य बाजू गाठतो. गणित म्हणून अप्रतिम. खऱ्या यंत्रावर मात्र ते झोके परवडणारे नसतात. मॅन्युअलमध्ये एक छोटा स्टेप देऊन चिन्ह बघून घ्या.

१२. एफ्लुएंटचा (कारखान्याच्या सांडपाण्याचा) पीएच काही केल्या स्थिर राहत नाही. इथे तरी अ‍ॅडॅप्टिव्ह लागेल ना?

इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या कापड प्रोसेस हाउसना आणि केमिकल युनिटना हा प्रश्न हमखास पडतो. लागेल, पण शेवटी.

तीव्र आम्लाचं पाणी पीएच ३ वरून ४ वर न्यायला लिटरमागे ०.०००९ मोल अल्कली लागते. ५ वरून ६ वर न्यायला ०.०००००९ मोल. म्हणजे दोन पायऱ्यांत गेन शंभरपट बदलला. सातच्या जवळ तोच व्हॉल्व जरासा उघडला तरी पीएच उडी मारतो. हा बदल आधीपासून ठाऊक असलेला आहे, तो शिकण्यात वेळ घालवू नका. पीएचऐवजी त्यावरून काढलेल्या आम्लाच्या प्रमाणावर कंट्रोल करा, म्हणजे गेन बऱ्यापैकी सरळ होतो. त्याहीआधी इक्वलायझेशन टाकी (येणारं पाणी आधी एकत्र मिसळणारी) मोठी ठेवा आणि डोसिंग दोन टप्प्यांत करा: पहिल्यात मोठा व्हॉल्व, दुसऱ्यात लहान.

पाण्यात कार्बोनेट किती आहे यावर कर्व्ह बदलतो, आणि तो कोणता माल चाललाय त्यानुसार दिवसातून अनेकदा बदलू शकतो. ते चालू लूपमध्ये सहज मोजता येत नाही. अ‍ॅडॅप्टेशन फक्त या एका पॅरामीटरसाठी ठेवा, प्रश्न ९ मधल्या सीमांसकट.

१३. आता रीइन्फोर्समेंट लर्निंग आहे. हे सगळं जुनं झालं नाही का?

दोन्ही वेगळी कामं करतात. रीइन्फोर्समेंट लर्निंगला चुका करत शिकायला भरपूर प्रयोग लागतात, म्हणून ते बहुधा सिम्युलेटरमध्ये होतं. अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलला चालू यंत्रावर, पहिल्याच प्रयत्नात, एकदाही आपटू न देता शिकायचं असतं. माहितीशिवाय शिकता येत नाही (प्रश्न ६) आणि मॉडेलबाहेरचं डायनॅमिक्स दगा देतं (प्रश्न ८), या दोन अडचणी मात्र नव्या पद्धतींनाही चुकलेल्या नाहीत.

१४. ऑपरेटरने लूप मॅन्युअलला टाकला, किंवा व्हॉल्व शंभर टक्क्यांवर अडकला, तर अ‍ॅडॅप्टेशनचं काय करायचं?

व्हॉल्व मर्यादेला टेकला की कंट्रोलरने मागितलेलं आणि प्लांटला मिळालेलं इनपुट वेगळं होतं. एमआरएसीला वाटतं गेन कमी पडतोय, म्हणून तो वाढवत सुटतो, आणि व्हॉल्व मोकळा झाला की लूप उसळतो. तेव्हा मर्यादेवर असताना थेट गेन हलवणारं अ‍ॅडॅप्टेशन थांबवा.

सेल्फ-ट्यूनरचं थोडं वेगळं आहे. त्याला मागितलेलं नव्हे, तर प्रत्यक्ष मिळालेलं इनपुट द्या. मग मॅन्युअलमध्येही तो शिकू शकतो. उलट ऑपरेटरच्या हाताने दिलेले स्टेप ही उत्तम माहिती असते, आणि फीडबॅक तुटलेला असल्याने ती स्वच्छही असते. फक्त पोझिशन फीडबॅक नसलेल्या व्हॉल्वला हे लागू नाही. तिथे मॅन्युअलला एस्टिमेटरही गोठवा, कोव्हेरियन्स आहे तिथे ठेवा, आणि ऑटोला परत येताना गेन शेवटच्या चांगल्या किमतीवरून सुरू करा. त्यासाठी ती किंमत दर शिफ्टला कंट्रोलरच्या मेमरीत साठवून ठेवावी लागते, आणि वीज गेल्यावरही ती टिकते का, हे कमिशनिंगच्या वेळी प्लग काढून तपासावं लागतं.